बोट कुठं अडलं?

मोबाईल, संगणक आणि माणसाचं मन यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं नेहमीपेक्षा जास्त आली, आणि त्यातली बरीचशी एकाच वाक्यानं सुरू होतात : "मला यातलं फारसं कळत नाही, पण…" पुढं पानभर इतकी नेमकी तक्रार, की आमच्या कंपन्यांनी पैसे मोजून घ्यावी. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी मानसशास्त्र बेळगावातच शिकले. मग अकरा वर्षं पुण्यात राहून लोक अ‍ॅप वापरताना कुठं अडतात ते बघायचं काम केलं. आता टिळकवाडीत, तिसऱ्या गेटाजवळ, घरी बसून तेच करते. खानापुरात माझ्या दादाचं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पगार कंपन्यांकडून येतो, शिकवणी मात्र त्या दुकानात होते.

प्रश्न : बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पण मोबाईलवर लाईट बिल भरायला बसले की घाम फुटतो. नंबर मागतात तो कुठला ते समजत नाही. ओटीपी बघून येईपर्यंत पान निघून जातं, मग परत पहिल्यापासून. मुलगा हैदराबादहून फोनवर म्हणतो, "आई, अगदी सोपं आहे." सोपं असेल तर मला का जमत नाही? वयानं डोकं चालेनासं झालं का?
(निवृत्त शिक्षिका, निपाणी)

उत्तर : बाई, आधी मुलाला निरोप द्या. अडलेल्या माणसाला "सोपं आहे" म्हणायचं नाही. अवघड गोष्टीत हरलं तर माणूस परत प्रयत्न करतो. सोप्या गोष्टीत हरलं की स्वतःला नावं ठेवतो आणि फोन बाजूला ठेवून देतो.

तुम्ही त्या पानाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. अ‍ॅपचं नाव इथं घेत नाही, पण फोटो मी भिंग लावल्यासारखा बघितला. पहिली गोष्ट नंबराची. आपल्याकडं मीटर ओळखला जातो तो आर. आर. नंबरानं. लाईनमन आला तरी तोच विचारतो, घरातल्या जुन्या बिलांवर वडिलांनी पेनानं गोल करून ठेवलेला असतो तोही तोच. बिलावर त्याशिवाय एक अकाउंट आयडी असतो. आणि तुमचं अ‍ॅप तिसरंच नाव घेऊन उभं आहे, "कन्झ्युमर क्रमांक". हा यांतला नेमका कुठला हे कुणी सांगायचं? गणिताच्या पेपरात 'क्ष' म्हणजे काय ते न सांगता समीकरण सोडवायला दिलं असतं, तर तुम्ही मुलांना नापास केलं असतं की पेपर काढणाऱ्याला?

आता फोटोत बारकाईनं बघा. कुठल्या चौकोनात काय लिहायचं याची सूचना चौकोनाच्या आतच फिकट राखाडी अक्षरांत आहे. तुम्ही पहिला आकडा टाकलात की ती सूचना गायब होते. म्हणजे काय मागितलं होतं ते लक्षात ठेवायचं, बिलावरचा लांबलचक आकडा लक्षात ठेवायचा, चष्मा वर-खाली करायचा, आणि वर वेळ संपत चाललाय याची धास्ती बाळगायची. माणसाच्या डोक्यात एका वेळी हाताशी धरलेल्या चार-पाच गोष्टी मावतात. पंचविशीतल्या माणसाचंही तसंच असतं. तुमचा मुलगा अडत नाही, कारण हे पान त्यानं पन्नास वेळा बघितलंय. त्याला ते वाचावंच लागत नाही.

राखाडी अक्षरांबद्दल माझा जुना राग आहे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि पुढं पुढं पिवळसरही होतं, हे सगळ्यांचंच होतं. म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक निदान साडेचारास एक असावा, असं वेबसाठीचं जागतिक मानक सांगतं. तुमच्या फोटोतलं मी मोजलं, निम्म्यालाही पोचत नाही. हे पान काढणारा पोरगा चोवीस वर्षांचा असणार आणि त्याच्यासमोर मोठा लख्ख स्क्रीन असणार. तुम्ही बसता स्वयंपाकघराच्या दाराशी, मागून उन्हाची तिरीप.

आणखी एक. "मोबाईल नंबर" हे शब्द वरच्या आणि खालच्या चौकोनाच्या बरोबर मधोमध आहेत. ते वरच्याचे की खालच्याचे? जवळजवळ ठेवलेल्या गोष्टी एकमेकांच्या वाटतात, हे माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं १९२३ मध्येच ठिपक्यांच्या रांगा काढून दाखवलंय. जेवणाच्या पंगतीत दोन पानांच्या मधोमध वाटी ठेवली की दोघेही "तुमचीच" म्हणत बसतात, तसलाच हा प्रकार. शंभर वर्षं झाली, तरी रोज कुणीतरी तीच वाटी मधोमध ठेवतं.

लगेच करता येण्यासारखं सांगते. ओटीपी आला की ते पान सोडून मेसेज उघडायला जाऊ नका. स्क्रीनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा, मेसेज तिथंच दिसतो. पुष्कळ फोनवर तो आकडा कीबोर्डच्या वरही येतो, त्यावर बोट ठेवलं की झालं. लक्षातच ठेवायचा असेल तर सहा सुटे आकडे म्हणू नका, तीन-तीन करा, "चारशे एकवीस, सातशे आठ". सहा वस्तूंच्या दोन होतात. आणि तो आकडा फोनवर कुणालाही सांगायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

"डोकं चालेना" याबद्दल. गेल्या मे महिन्यात मी पुण्याहून बेळगावचं बसचं तिकीट काढलं, रविवारचं, आणि निघालं शनिवारचं. मी ज्या साईटवर काढते तिथलं कॅलेंडर सोमवारपासून सुरू होतं, या वेळच्या साईटवर रविवारपासून. डोळ्यानं जागा बघितली, अक्षर बघितलं नाही. पैसे बुडाले. अकरा वर्षं हेच काम करणारी बाई मी, आणि पहिला विचार मनात आला तो हाच, "काय वेंधळी आहे मी!" दाराला धरायची मूठ बसवायची आणि अपेक्षा धरायची की लोकांनी ते ढकलावं, मग चुकणाऱ्याला हसायचं, या खोडीवर डॉन नॉर्मन यांनी १९८८ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. ते मी तीनदा वाचलंय. तरी तिकीट शनिवारचंच निघालं.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघं मिळून गावातल्या दूध डेअरीसाठी अ‍ॅप करतोय. सर म्हणाले, मेनूत सातच्या वर पर्याय नकोत, तसा मानसशास्त्राचा नियम आहे. खरं आहे का? आणखी कुठले नियम पाठ करावेत?
(विद्यार्थी, खानापूर तालुका)

उत्तर : तुला अरे-तुरे करते, माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस.

सातचा नियम आधी निकालात काढू. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक गाजलेला निबंध आला, त्यात "सात, दोन इकडंतिकडं" हा आकडा होता. ऐकलेल्या किंवा बघितलेल्या किती गोष्टी लगेच परत सांगता येतात, हा त्यातला एक भाग. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. पण तुझा मेनू डोळ्यांसमोर असतो, कुणी पाठ करत नाही. हॉटेलच्या भिंतीवर चाळीस पदार्थांची पाटी असते म्हणून गिऱ्हाईक चक्कर येऊन पडत नाही, ते सरळ मिसळ कुठं आहे ते शोधतं. सरांना हे सांगताना जपून सांग, अंतर्गत गुण त्यांच्या हातात आहेत.

पर्याय वाढले की निवडायला वेळ लागतो हे मात्र खरं. १९५२ मध्ये विल्यम हिक यांनी दिव्यांचा प्रयोग केला. जो दिवा लागेल त्याची कळ दाबायची. दिवे वाढत गेले तसा वेळ वाढला, पण त्याच पटीत नाही. दिवे दुप्पट झाले की वेळ साधारण ठराविक तेवढाच वाढत गेला. पाठ करणाऱ्यांचं गाडं इथं रुततं. ते "पर्याय कमी करा" एवढंच लक्षात ठेवतात आणि चार बटणांच्या मागं आणखी चार, त्यांच्या मागं आणखी चार लपवतात. मग प्रत्येक थराला नव्यानं निवडत बसायचं.

त्यापेक्षा तुला जांबोटी रस्त्यावरच्या एका गावची डेअरी दाखवते. दोन पावसाळ्यांमागं मी तिथं असल्याच एका अ‍ॅपची परीक्षा घ्यायला गेले होते. सकाळचे सहा, बाहेर धो धो, लोक खोळ घेऊन, किटल्या घेऊन ओळीत. आत एक ट्यूबलाईट, एक काटा, एक फॅट बघायचं मशीन, आणि सेक्रेटरी. अ‍ॅप देखणं होतं. दूध घालणाऱ्यांची यादी नावानं, अ, आ, इ प्रमाणे, प्रत्येकाचा फोटो गोलात. कंपनीनं मोठ्या अभिमानानं दाखवलं होतं. पहिला माणूस आत आला, किटली टेकवली आणि ओरडला, "बत्तीस!" मागचा म्हणाला, "अकरा!" नाव कुणी घेतलंच नाही. त्या गावात निम्मे पाटील, उरलेले गावडे. सेक्रेटरीच्या डोक्यात माणसं सभासद नंबरानं बसलेली. तो बिचारा बत्तीस नंबर म्हणजे कोण हे आठवायचा, मग त्या नावाचं पहिलं अक्षर, मग पाटलांच्या ढिगातून फोटो शोधायचा. फोटोत सगळ्यांनी फेटे बांधलेले, कुणाच्या तरी लग्नातले. पाच माणसांनंतर त्यानं मोबाईल पोत्यावर ठेवला आणि वही ओढली.

यादीत किती नावं होती हा मुद्दाच नव्हता. त्याच्या डोक्यातली मांडणी नंबरांची होती आणि स्क्रीनवरची नावांची. आम्ही यादी काढून टाकली, आकड्यांचा मोठा कीबोर्ड दिला. "३२" दाबलं की नाव आपोआप वर येतं, तो ते फक्त ताडून बघतो. ओळखणं हे आठवण्यापेक्षा सोपं.

दुसरं त्याच सकाळी दिसलं ते बोट. ओल्या बोटाला टच स्क्रीन धड दाद देत नाही, कारण तो चालतो बोटातून जाणाऱ्या सूक्ष्म विजेवर आणि पाण्याचा थेंबही त्याला बोटासारखाच वाटतो. त्याच्या डाव्या हातात नमुन्याची बाटली, उजव्या हातात मोबाईल, म्हणजे कामाला उरला एक अंगठा. आणि "सेव्ह" कुठं? वर डाव्या कोपऱ्यात. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दोन पट्ट्यांवर आळीपाळीनं टोकणी मारायला लावून दाखवलं, की नेम जितका लांब आणि जितका बारीक, तितका वेळ जास्त. तुला सूत्र हवं तर पुस्तकात मिळेल. मला त्या माणसाचा अंगठा आठवतो, ताणून ताणून शेवटी मोबाईलच हातातून दुधात पडता पडता वाचला. बटण खाली घे, अंगठ्याच्या टप्प्यात, निदान नऊ मिलिमीटर रुंद-उंच. डेअरीत तर त्याहून मोठं.

तिसरं, फॅट ६.५ लिहायचं तिथं घाईत ६५ पडतं. टिंब ओल्या बोटाला लागतच नाही. ही समजुतीची चूक नाही, त्याला फॅट तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त समजतं. हे बोट घसरणं. दोन्हींवर औषध वेगळं. समज चुकली तर समजावून सांगायचं, बोट घसरलं तर घसरू द्यायचंच नाही. पासष्ट फॅटचं दूध कुठल्याच म्हशीला नसतं, मग अ‍ॅपनं निमूटपणे ते का घ्यावं? "६.५ का?" एवढं विचारायचं आणि एका टोकणीत मान्य करू द्यायचं. नाहीतर पंधरवड्याच्या बिलाला भांडण ठरलेलं, आणि शिव्या खाणार सेक्रेटरी.

तुम्ही चौघांनी आता काय करायचं? कोडिंग आठ दिवस थांबवा. कागदावर स्क्रीन काढा आणि पाच सेक्रेटऱ्यांपुढं ठेवा. याकोब नीलसन आणि टॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, त्या हिशेबानं पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास दिसतात. मात्र ते पाच एकाच प्रकारचे हवेत. दूध घालणारे वेगळे, त्यांचे वेगळे पाच. आणि "आवडलं का?" असं विचारू नको. आपल्याकडची माणसं घरी आलेल्या पोराला "ब्येस हाय की गा" म्हणणार आणि चहा पाजून पाठवणार. त्याला काम दे, "बत्तीस नंबरचं साडेचार लिटर घ्या", आणि गप्प बस. गप्प बसणं सगळ्यात जड जातं. तो चुकीच्या बटणाकडं बोट न्यायला लागला की तुझा हात आपोआप पुढं जाईल. मी अजूनही हात मांडीखाली दाबून बसते.

प्रश्न : आमचा तीन पिढ्यांचा कुंद्याचा धंदा. मुलानं ऑनलाईन विक्री सुरू केली. वेबसाईट करून देणारा म्हणतो, "फक्त २ डबे शिल्लक", "आत्ता १७ जण बघत आहेत" आणि उलटं चालणारं घड्याळ लावू, खप वाढेल. पॅकिंगचे ₹४० शेवटच्या पानावर दाखवू म्हणतो. मन तयार होत नाही, पण मुलगा म्हणतो सगळेच करतात.
(मिठाई विक्रेते, शहापूर, बेळगाव)

उत्तर : काका, तो माणूस सांगतोय ते मानसशास्त्र खरं आहे, म्हणूनच ते वाईट. हातातलं गेल्याचं दुःख तेवढंच मिळाल्याच्या आनंदाहून मोठं असतं, हे डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. "शिल्लक २" वाचलं की गिऱ्हाईक कुंदा घ्यायला पळत नाही, कुंदा हुकेल या भीतीनं पळतं.

पण हे आता कायद्यातही बसत नाही. अशा फसव्या मांडणीला हॅरी ब्रिग्नल या इंग्रज डिझायनरनं २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला त्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १३ प्रकार नावानिशी नोंदवले. खोटी घाई दाखवणं त्यातला एक. किंमत तुकड्यातुकड्यानं उघड करणं हा दुसरा, म्हणजे तुमचे ते शेवटच्या पानावरचे ₹४०. गिऱ्हाईकाला न विचारता टोपलीत काहीतरी सरकवणं हा तिसरा. "नको" म्हणणाऱ्याला लाजवणं, हाही त्यात आहे. गिऱ्हाईक १९१५ या हेल्पलाईनवर तक्रार करू शकतं. "सगळेच करतात" हे मुलाला तिथं सांगून बघू दे.

आता धंद्याचं बोलू. तुमच्याकडं खरी टंचाई असताना खोटी कशाला हवी? सकाळी कढईतून उतरलेला कुंदा संध्याकाळी संपतो. मला आठवतंय, लहानपणी वडिलांबरोबर आले की दुकानावर पाटी असायची, "आजचा कुंदा संपला". ती वाचून आम्ही दुसऱ्या दिवशी लवकर यायचो. वेबसाईटवर तेच लिहा : आज अमुक किलो केला, इतका उरला, उद्याचा सकाळी अकराला. आकडा दुकानातल्या काट्याशी जुळला पाहिजे, एवढीच अट.

पॅकिंगचे पैसे डब्याच्या किमतीतच धरा. आणि घड्याळावर घालवणार तो पैसा शेवटावर घाला. १९९३ मध्ये कानमन आणि सहकाऱ्यांनी एक गमतीचा प्रयोग केला. लोकांना १४ अंशाच्या गार पाण्यात एक मिनिट हात धरायला लावला. दुसऱ्या खेपेला तसंच एक मिनिट आणि वर आणखी अर्धं मिनिट, पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं. यातलं परत काय कराल विचारल्यावर जास्त लोकांनी लांबलेली खेप निवडली. एकूण त्रास जास्त, पण शेवट बरा. तुमचं गिऱ्हाईक मुंबईत डबा उघडतं तो तुमचा शेवट. मी मागवला होता तो डबा (तुमच्याकडचा नव्हे, दुसऱ्या एका दुकानचा) चिकटपट्टीत असा गुंडाळलेला, की विळीनं फाडावा लागला आणि कडेनं तूप कागदाला लागलेलं. कुंदा उत्तम होता. मला आठवते विळी.

प्रश्न : माझं घर खानापूर तालुक्यात. नवीन अ‍ॅप टाकलं की ते आपोआप कन्नडमध्ये उघडतं. मला कन्नड बोलता येतं, बाजारात तेच बोलतो, पण वाचता येत नाही. भाषा बदलायचं बटणही कन्नडातच! मराठी दिलेलं असलं तरी तिथंवर पोचायचं कसं?
(शेतकरी, नंदगड)

उत्तर : तुमचं पत्र मी एका कंपनीच्या मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. शांतता पसरली. त्यांच्या अ‍ॅपचंही तसंच होतं.

चूक अशी, की फोन कुठं आहे यावरून माणूस काय वाचतो हे ठरवलं. नकाशावर राज्याची रेघ असते, घरात नसते. आमच्याच गल्लीत एका घरात आजी मराठी, सून कन्नड, नातवंडं इंग्रजी शाळेत. उलट्या बाजूला जत, अक्कलकोटचे कन्नड बोलणारे लोकही हेच भोगतात, तिथं अ‍ॅप मराठीत उघडतं. भाषेचा वाद कोर्टात चालू दे, पण मराठी वाचणाऱ्याला "मराठी" हा शब्द देवनागरीत दिसला पाहिजे आणि कन्नड वाचणाऱ्याला "कन्नड" हा शब्द त्याच्या लिपीत, तोही पहिल्याच पानावर, कुठं न लपवता. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ लागत नाही, रेल्वे स्टेशनावरची पाटी बघितली तरी पुरे.

तुमच्यापुरता उपाय : फोन अँड्रॉईड १३ किंवा त्यापुढचा असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्येच प्रत्येक अ‍ॅपची भाषा वेगळी ठरवता येते, अ‍ॅपमध्ये शिरावं लागत नाही. तिथल्या यादीत भाषांची नावं ज्या त्या लिपीत असतात. सगळी अ‍ॅप ही सोय देत नाहीत, पण बरीच देतात. मुलाकडून एकदा करून घ्या.

आणि मराठी सापडल्यावर जे दिसतं त्यावर मी वेगळं पान लिहीन. एका अ‍ॅपमध्ये दादाच्या दुकानात मी स्वतः वाचलं : "तुम्हाला अर्ज रद्द करायचा आहे का?" खाली दोन बटणं, "रद्द करा" आणि "ठीक आहे". समोर बसलेल्या मावशींनी माझ्याकडं बघितलं, मी दादाकडं, दादानं विजेचं बटण बंद केलं. "होय, अर्ज काढून टाका" आणि "नको, अर्ज राहू दे" एवढं लिहायला काय जातं? बटणावर काय होणार ते लिहावं. "प्रस्तुत करा", "पुष्टी करा" असले शब्द दुकानात आलेल्या एकाही माणसाच्या तोंडून मी ऐकलेले नाहीत. लोक "सबमिट" म्हणतात, "पाठवा" म्हणतात. मात्रांचं तर विचारूच नका. इंग्रजी अक्षरांच्या मापानं चौकोन केलेला असतो, त्यात वेलांटी वरून आणि उकार खालून छाटला जातो, मग "खूप" आणि "खप" सारखेच.

प्रश्न : मी मानसशास्त्र घेऊन बी. ए. करतेय. असलं काम मला मिळेल का? कोडिंग येत नाही.
(विद्यार्थिनी, बेळगुंदी)

उत्तर : मिळेल. मलाही येत नाही. शिकायचं असेल तर आय. आय. टी. मुंबईचं डिझाईन केंद्र (१९६९ पासून आहे) पदवीनंतर 'सीड' या परीक्षेतून घेतं, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाईन संस्थेची परीक्षा वेगळी. दोन्हींकडं चित्रकलेची थोडी भीती मनात ठेवूनच लोक जातात, तेवढी लागत नाही. पण फी आणि वर्षं घालण्याआधी या सुट्टीत एक करून बघ. घरातल्या पाच मोठ्या माणसांना, एकेकाला, तुझ्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावायला सांग. तू हात पाठीमागं बांधून बसायचं, बोलायचं नाही. बोट कुठं थांबलं, कितीदा परतलं, तोंडातून कुठला शब्द निघाला, ते वहीत त्यांच्याच शब्दांत. ते वाचून तुला माणसाचा राग आला तर दुसरा अभ्यासक्रम बघ. फोनचा आला तर वही मला पाठव.

उचगावच्या वाचकाचं एटीएमबद्दलचं पत्र पावसात भिजून अर्धंच हाती आलं. "कार्ड बाहेर आलं पण पैसे" एवढ्यावर तुटलंय. कृपया पुन्हा पाठवावं, आणि पैसे मिळाले का तेही कळवावं.